धार राखणारे हात

जुन्या वस्तऱ्याच्या पात्यावर गावाचे नाव कोरलेले असते. शेफिल्ड, झोलिंगेन. कधी कारखानदाराचे नाव असते, कधी मुकुटाचे किंवा चांदणीचे चिन्ह. त्या पात्याला वर्षानुवर्षे रोज धार देणाऱ्याचे नाव मात्र कुठेच सापडत नाही. नीट वापरलेला वस्तरा आजोबांकडून नातवाकडे जाऊ शकतो. त्याची धार मात्र काही दाढ्यांपुरतीच टिकते. पोलाद एकदाच घडते. धार पुन:पुन्हा घडवावी लागते. वस्तऱ्याच्या इतिहासात पोलादाची बाजू बऱ्यापैकी लिहिली गेली आहे. दगडावर आणि चामड्यावर झालेल्या या दुसऱ्या कामाचा इतिहास विखुरलेला आहे. एखाद्या सूक्तातला शब्द, एखाद्या भिक्षुनियमातली यादी, डॉक्टरने केलेली मृत्यूंची नोंद, असे त्याचे तुकडे आहेत. ते एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दगड आणि चामडे

आधी काम समजून घेऊ. धार लावणे आणि धार राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले दगडावर होते, दुसरे चामड्याच्या पट्ट्यावर.

विळी किंवा कोयता दगडावर घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो कोन पात्यातच बसवलेला असतो. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि पाते मधे खोलगट घासलेले असते. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतून धारेचा कोन आपोआप ठरतो. तो साधारण सोळा-सतरा अंशांचा असतो. म्हणून कारागिराला कोनाची काळजी नसते. काळजी असते ती दाबाची. बोटांचा भार वाढला की पातळ धार वाकते, आणि वाकलेली धार दगडावर उलटसुलट होऊन तिला डोळ्यांना न दिसणारी कड येते. म्हणून पात्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा फारसा जास्त भार द्यायचा नाही. दगडाचा वरचा पापुद्रा सोलून काढायचा आहे अशा रीतीने धार पुढे ठेवून पाते सरकवायचे आणि टोकाशी पोचल्यावर पाठीवर उलटवायचे. धारेवर कधीच उलटवायचे नाही.

आधी खरबरीत दगड. त्यावर दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत मिळतात. मग त्याहून मऊ दगड, मग आणखी मऊ. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे अधिक बारीक ओरखडे ठेवतो. शेवटच्या दगडानंतर पाते हातावरची लव उडवू लागते. तरीही ते दाढीला तयार नसते.

इथे पट्टा येतो. चामड्यावर चाल उलटी होते. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ठेवली तर पट्टाच कापला जातो. पट्टा ताणून धरावा लागतो, कारण सैल पट्ट्याला झोळ पडतो आणि धार गोलावते. आधी जाड कापडावर, मग चामड्यावर असे पंधरा-वीस फेरे झाले की दाढीत दबलेली, वाकलेली धार पुन्हा सरळ रेषेत येते. दगड महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लागतो, पट्टा प्रत्येक दाढीआधी.

दाढी सुखाची होते की चेहऱ्याची आग होते, हे बरेचसे या शेवटच्या पायरीवर ठरते. बोथट पाते केस ओढते, हे सर्वांना माहीत असते. पण दगडावरून थेट गालावर आलेले तीक्ष्ण पातेही त्रास देते, कारण त्याच्या धारेवर अतिसूक्ष्म दाते असतात आणि ते केसाबरोबर कातडीही खरवडतात. चामडे ते दाते निवळते. बाकीचे काम पाणी करते. भिजलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी मऊ असतो, म्हणून साबण लावून घोळवण्यात घालवलेला वेळ धारेचेच आयुष्य वाढवत असतो.

केसासारखी मऊ वस्तू पोलादाला बोथट कशी करते, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर अलीकडेच नीट मिळाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जानलुका रोशिओली, जेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो. त्यांनी दाढी केलेल्या पात्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा ती नुसती झिजलेली नव्हती, तिचे बारीक टवके उडालेले होते. केस वाकून तिरका लागला आणि तो लागला तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली, तर त्या जागी टवका उडतो. त्यांचा अभ्यास फेकून द्यायच्या पात्यांवर होता. पण धार एकसारखी राखण्यासाठी न्हावी जो खटाटोप करत आला, त्यामागचा धाक हाच होता असे म्हणायला हरकत नाही.

सर्वांत जुन्या साक्षी

मराठीत वस्तरा हा शब्द फारसी ‘उस्तरा’वरून आला. हजामत अरबीतून आली. तिथे तिचा मूळ अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणे असा आहे, आणि न्हावी हा एके काळी शल्यक्रियाही करत असे याची ती खूण आहे. मात्र ‘क्षौर’ हा शब्द थेट वैदिक ‘क्षुर’शी नाते सांगतो, आणि क्षुर म्हणजे वस्तराच.

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात एका ऋषीने देवाला, वस्तऱ्याला लावतात तशी आम्हाला धार लाव, अशी विनवणी केली आहे. तिथे ‘भुरिज्’ असा एक शब्द द्विवचनात येतो आणि त्याच्या अर्थावरून विद्वानांचे वाद झाले. कुणी त्यात दगडाच्या दोन बाजू पाहिल्या, कुणी कात्रीची दोन पाती. अथर्ववेदाच्या विसाव्या कांडात तोच शब्द पुन्हा येतो, आणि तिथे ओठांवर फिरणाऱ्या जिभेला भुरिजांवर फिरणाऱ्या वस्तऱ्याची उपमा दिली आहे. शब्दकोशांनी काहीही ठरवो, ती चाल पट्ट्यावर वस्तरा फिरताना पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येते. मऊ, एका लयीतली, पुढे-मागे होणारी. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा आहे हे सर्वश्रुत आहे. तिथे धारेला लावलेले विशेषण ‘निशित’ म्हणजे धार लावून तीक्ष्ण केलेली असे आहे. उपनिषदकारालाही धार आपोआप असत नाही, ती कुणीतरी लावलेली असते, याचे भान होते.

बौद्ध विनयपिटकातली नोंद अधिक रोखठोक आहे. भिक्षूंनी मुंडन करायचे तर साधने हवीत. चुल्लवग्गात बुद्ध भिक्षूंना वस्तरा वापरायची परवानगी देतात, आणि त्याच वाक्यात वस्तऱ्याचा दगड, नमद्याचा म्हणजे लोकरी जाड कापडाचा तुकडा आणि न्हाव्याचे बाकीचे साहित्य यांनाही. नियम करणाऱ्याला पक्के ठाऊक होते की दगडाशिवाय वस्तऱ्याची परवानगी निरर्थक आहे. याच विनयाचे पठण पहिल्या संगीतीत ज्याच्याकडून करवून घेतले गेले तो उपाली हा शाक्यांचा न्हावी होता. आणखी एक प्रसंग महावग्गात आहे. आतुमा गावी पूर्वाश्रमीचा न्हावी असलेल्या एका वृद्ध भिक्षूने, बुद्ध येणार म्हणून, आपल्या मुलांना न्हाव्याचे साहित्य देऊन दारोदार पाठवले आणि धान्य-तेल जमवले. त्यावर नियम झाला की पूर्वी न्हावी असलेल्या भिक्षूने ते साहित्य जवळ बाळगू नये. संघात आल्यावर हातातले कसब मिळकतीचे साधन होऊ नये, असा त्याचा रोख. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. त्या काळीही लोक चांगली धार आणि चांगला हात ओळखत होते, आणि त्याबदल्यात धान्य देत होते.

रोममध्ये पहिल्या शतकात प्लिनीने दगडांची वर्गवारी केली. काही दगडांना तेल लागते, काहींना पाणी, आणि आणखी एका प्रकारच्या दगडांवर माणसाची थुंकी लावून न्हाव्यांच्या दुकानांत धार काढतात, असे तो लिहितो. त्या प्रकारात स्पेनचा दगड त्याने उत्तम ठरवला आहे.

दगडाच्या खाणी

युरोपात पुढे वस्तऱ्यासाठी सर्वांत नावाजला तो बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळसर दगड, कोटिक्यूल. व्हिएल्साल्म आणि साल्मशातो या गावांच्या परिसरात त्याचे थर जमिनीखाली आहेत. ते इतके पातळ, काही ठिकाणी तर बोटभरही जाडीचे नसलेले, की दगड बहुधा खालच्या निळ्या पाटीच्या दगडासकटच कापतात किंवा वेगळ्या पाटीला चिकटवतात. त्यात गार्नेट या खनिजाचे सूक्ष्म कण ठासलेले असतात. ते कठीण असले तरी त्यांचा आकार गोलसर, अनेक पैलूंचा असतो. त्यामुळे ते पोलाद खातात, पण खोल ओरखडा पाडत नाहीत. साल्मशातोला या दगडाचे संग्रहालय आहे.

आपल्याकडे कठीण कामाला कुरुंद होता. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द याच भारतीय शब्दावरून गेला. कुरुंदाची पूड लाखेत कालवून चाके करायची आणि त्यांवर हत्यारांना धार द्यायची, ही पद्धत भारतात जुनी आहे. तलवारी-सुऱ्यांना पाणी आणि झिलई देणारे शिकलगार याच धंद्यातले. पण चाकाची धार वस्तऱ्याला पुरत नाही. शेवटचा हात न्हाव्याचाच, आपल्या सहाणेवर, पट्ट्यावर आणि कित्येकदा स्वतःच्या तळहातावर.

पोलाद आणि फुप्फुसे

अठराव्या शतकाच्या मध्याला शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, आणि वस्तऱ्याला लागणारे एकजीव पोलाद तिथे मिळू लागले. मुशीतले पोलाद भारतात मात्र त्याआधी शेकडो वर्षे होत होते. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते आणि तिथे त्याला ‘वूट्झ’ म्हणतात असे आहे. वास्तविक त्याच्या भट्ट्या तेलंगणात, म्हैसूरकडे, तमिळ मुलखात होत्या. मुंबई हे फक्त जहाजाचे बंदर. ज्या हातांनी ते पोलाद घडवले त्यांचे नाव राहिले नाही, आणि त्यांच्या गावांच्या जागी बंदराचे नाव छापले गेले. वस्तऱ्याच्या इतिहासात हे पुन:पुन्हा घडते.

लंडनचे हत्यारे बनवणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट या पोलादाने भारावून गेले. त्यांनी आणि तरुण मायकेल फॅरडे यांनी १८१८पासून काही वर्षे पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग केले. त्यामागची प्रेरणा वूट्झचीच होती. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी, असे एक मिश्रण त्यांना आवडले, आणि पुढे शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ ही अक्षरे झळकू लागली. आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असत. विद्युतशास्त्राच्या या महापुरुषाच्या कामाची एक पायरी वस्तऱ्याच्या धारेवरून गेली आहे.

त्याच काळात शेफिल्डच्या घासकामाच्या चाकांवर काय चालले होते? वस्तरा कारखान्यातून निघताना त्याचे पोट दगडी चाकावर घासून खोलगट करावे लागे. कारागीर चाकावर ओणवा होई आणि दगडाची व पोलादाची धूळ थेट नाकातोंडात जाई. तिथले डॉक्टर नाइट यांनी केलेली नोंद फ्रीडरिश एंगेल्स यांनी १८४५च्या आपल्या पुस्तकात घेतली आहे. कोरडे घासकाम करणारे काटे-चमच्यांचे कारागीर २८ ते ३२ या वयात मरत. वस्तरे घासणारे ओले आणि कोरडे दोन्ही काम करत. ते ४० ते ४५ या वयात मरत. शेफिल्डमधल्या अशा सर्व घासकाऱ्यांची संख्या त्यांनी सुमारे २,५०० दिली आहे. गुळगुळीत दाढीची किंमत आधीच कुणाच्या तरी छातीत जमा झालेली असे.

दगड नको, पट्टा नको

स्वतःची दाढी स्वतः करावी, हा विचार युरोपात अठराव्या शतकात बळावला. पॅरिसचे शस्त्रकार झां-जाक पेरे यांनी १७६९ साली स्वतः दाढी करायला शिकवणारे पुस्तकच लिहिले. न्हाव्याच्या हातातला वस्तरा घरात आला, आणि त्याच्याबरोबर दगड-पट्ट्याची मेहनतही आली. ती सर्वांना जमत नसे. सधन घरांत सात वस्तऱ्यांची पेटी असे, प्रत्येकावर एका वाराचे नाव. धारेला विश्रांती मिळावी असे त्याचे कारण सांगत. माझ्या मते खरे कारण साधे होते. सात वस्तरे असले की दगडाला हात लावायची वेळ सातपट उशिरा येते.

हीच अडचण किंग कॅम्प जिलेट यांनी हेरली. वापरून फेकता येईल अशी वस्तू काढ, म्हणजे गिऱ्हाईक परत येते, असा सल्ला त्यांना बाटलीच्या बुचाचे संशोधक विल्यम पेंटर यांनी दिला होता. पातळ पत्र्याच्या पोलादाला पाणी देऊन कारखान्यात धार लावणे अशक्य आहे, असे जाणकार सांगत. विल्यम निकरसन या अभियंत्याने ती यंत्रे बनवली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. १९१८ साली अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख वस्तरे आणि तीन कोटींहून अधिक पाती पुरवली गेली. युद्धावरून परतलेल्या पिढीला तीच सवय लागली. जिलेटच्या जाहिरातीत ठळकपणे सांगितले जाई की आता ना पट्टा हवा, ना दगड. विकायला पोलाद होते, पण लोकांनी विकत घेतली ती श्रमांतून सुटका. ती सुटका खरी होती, हे मान्यच करायला हवे. पण धार राखणे हे कौशल्य त्या दिवसापासून अनावश्यक ठरू लागले.

धोकटी

महाराष्ट्रात हे कौशल्य धोकटीत राहत होते. वस्तरा, कात्री, नखे काढायची नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी, धारेचा दगड आणि चामड्याचा तुकडा, हा न्हाव्याचा सारा संसार. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान ठरलेले, वर्षाकाठी मिळणारे बलुतेही ठरलेले. वारकरी परंपरेत संत सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाचीच भाषा भक्तीला दिली. त्यांच्या अभंगात आरसा विवेकाचा होतो आणि चिमटा वैराग्याचा. जे साहित्य गाव हलके समजत असे, त्याला त्यांनी थेट अध्यात्मात नेऊन बसवले.

धार उत्तम असणे हे कसब झाले. ती कुणावर चालवायची, हा प्रश्न वेगळा आहे. उच्चवर्णीय घरांत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन होई, आणि ते करायला न्हाव्याला बोलावले जाई. दाढीसाठी बसणारा माणूस आपण होऊन मान पुढे करतो. इथे मान पुढे करणारीची इच्छा कुणी विचारत नव्हते. वस्तऱ्याची धार कितीही मऊ असली तरी ते क्षौर सुखाचे होणे शक्य नव्हते. १८९० साली मुंबईत ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरले. त्यामागे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांची शिकवण होती. केशवपनाविरुद्ध सुशिक्षितांनी लेख लिहिले, भाषणे केली. पण वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवण्याचे ठरवले, याचे मोल वेगळे आहे. त्यांची मिळकत बुडणार होती, गावकी बिघडणार होती. पात्यावर ज्यांचे नाव कधी कोरले गेले नाही, त्या लोकांनी पात्याविषयी घेतलेला हा सर्वांत मोठा निर्णय म्हटला पाहिजे.

पुढे शहरांतून केशकर्तनालये आली, तरी भिंतीवरच्या खिळ्याला पट्टा लटकत राहिला. तो खऱ्या अर्थाने उतरला विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत. १९८६ साली भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम नोंदला गेला. एकच वस्तरा अनेकांच्या गालावरून फिरणे धोक्याचे आहे, दाढीसाठी नवे ब्लेड मागा, असा प्रचार सुरू झाला. तो योग्यच होता. दुकानदार दुधारी ब्लेड मधोमध मोडून त्याचे अर्धे पाते वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या दांडीत बसवू लागला, आणि दाढी झाली की ते फेकून देऊ लागला. मूठ तीच, मनगटाची वळणे तीच, कातडी ताणणारी बोटेही तीच राहिली. धार मात्र पाकिटातून येऊ लागली.

त्याबद्दल उसासे टाकण्यात अर्थ नाही. स्वच्छता ही धारेपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि शेफिल्डच्या चाकावर चाळिशीत मरणाऱ्या माणसांची आठवण ठेवली तर जुन्या वस्तऱ्याचे फार कौतुकही करवत नाही. पण एक गोष्ट लवकर करण्यासारखी आहे. दगडावर आणि पट्ट्यावर काम केलेली मंडळी आज सत्तरीच्या पुढे आहेत. किती भार द्यायचा, पट्टा कितपत ताणायचा, धार लागली हे अंगठ्याच्या पेराला कसे कळते, नवशिक्याला आधी कशावर बसवत, कुठल्या गावचा दगड चांगला मानत, त्याला आपल्या बोलीत काय म्हणत, हे त्यांना सांगता येईल. हे त्यांच्याकडून लिहून घेतले, तर कोशांतल्या अर्धवट अर्थाच्या अनेक शब्दांना आधार मिळेल. आणि लिहून घेताना सांगणाऱ्याचे नाव न विसरता, ठळक अक्षरांत, पहिल्या ओळीत लिहावे. पोलादाच्या कारखानदारांची नावे पात्यावर आहेतच.